नाऱ्याची बाजू

“शुभ बोल रे नाऱ्या,” तर म्हणे, “मांडवाला आग लागली!” ही म्हण आपण पिढ्यान्‌पिढ्या नाऱ्याची टर उडवण्यासाठी वापरत आलो आहोत. ऐन मंगलकार्यात अभद्र बोलणारा तो करंटा, आणि त्याला दटावणारी ती मंडळी शहाणी! परंतु या म्हणीतला खरा प्रश्न कोणी कधी विचारलाच नाही. मांडवाला आग लागली होती की नव्हती? लागली असेल, तर त्या साऱ्या वऱ्हाडात डोळे उघडे असलेला इसम एकटा नाऱ्याच होता. आणि त्याला गप्प बसवणाऱ्यांचे पुढे काय झाले, हे म्हण सांगत नाही.

हरियाणातील डबवाली या गावी २३ डिसेंबर १९९५ रोजी एका शाळेचा वार्षिक समारंभ चालू होता. मांडवच होता तो. त्याला आग लागली आणि चारशेहून अधिक माणसे गेली. त्यांत मुले पुष्कळ. तो मांडव घालतेवेळीच एखाद्या नाऱ्याने विचारले असते की, “अहो, एवढी माणसे वेळ पडली तर बाहेर कोठून पडणार?” तर त्याला काय उत्तर मिळाले असते, हे मी सांगायला नको.

तेव्हा आज दिवाळीच्या दिवसांत, चकली मोडता मोडता आपण हा अंक चाळत असताना, मी नाऱ्याचे वकीलपत्र घेतले आहे. विषय पाळणाघराचा आहे. सुनेची किंवा लेकीची बाळंतपणाची रजा संपत आली, की हा विषय घरोघर निघतो. बाळाला दिवसभर कोठे ठेवायचे? मग चौकशा सुरू होतात. अमक्या काकूंकडे जेवण छान असते, तमक्या ताईंकडे मुले रडत नाहीत. एवढ्यावर बहुतेकांचे समाधान होते. माझे होत नाही. आणि का होत नाही तेच मला सांगायचे आहे.

गेल्या वर्षी माझ्या नातवासाठी सुनेबरोबर मी सात पाळणाघरे पाहिली. तेथे इतरही आईबाप चौकशीला आलेले असत. त्यांचे प्रश्न मी कान देऊन ऐकले. वरणभातावर तूप घालता का? ए. सी. आहे का? मुलांशी इंग्रजीत बोलता का? कॅमेरा आहे का, आणि तो आमच्या मोबाइलवर दिसेल का? प्रश्न सगळे रास्त. पण “येथे आग लागली तर माझे मूल बाहेर कसे येईल?” हा प्रश्न सातांपैकी एकाही ठिकाणी दुसऱ्या कोणी विचारलेला मी ऐकला नाही. मी तो विचारला, की आजूबाजूची माणसे अशी पाहत, जणू मी बारशाला येऊन तेराव्याची भाषा करते आहे. एक बाई तर हसून म्हणाल्या, “आजी, आमच्याकडे असलं काही व्हायचं नाही. दारातच गणपती बसवलाय!” गणपती विघ्नहर्ता खरा. पण त्याच्यासमोरची समई कलंडली, तर ती उचलायचे काम त्याने आपल्यालाच नेमून दिले आहे.

त्याच घराच्या बाहेरच्या दाराला आतून कुलूप होते आणि किल्ली त्या बाईंच्या कमरेला. का? तर मुले बाहेर पळू नयेत म्हणून. खिडक्यांना लोखंडी जाळी होती. का? तर मुले पडू नयेत म्हणून. जाळीत एक लहानशी खिडकी होती, तिलाही कुलूप, आणि ते इतके गंजलेले की त्याची किल्ली कोठे आहे हे विचारण्यात अर्थ नव्हता. यांतली प्रत्येक गोष्ट मुलांच्या रक्षणासाठीच केलेली. चोर आत येऊ नये, मूल बाहेर जाऊ नये, याचा एवढा कडेकोट बंदोबस्त केला की, जीव वाचवायला बाहेर पडायची वाटच उरली नाही. स्वयंपाकघरात धूर झाला, बाई घाबरल्या, किल्ली हातातून निसटली, की तेच कुलूप वैरी होते. मूल पळू नये यासाठी कुलूप लागतेच असे नाही. मोठ्या माणसाचा हात पोचेल आणि मुलाचा पोचणार नाही अशी वर एक साधी कडी पुरते. ती उघडायला किल्ली लागत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. शाळा आणि पाळणाघर यांत एक मोठा फरक आहे. शाळेतल्या मुलाला “पळ!” म्हटले की ते पळते. आठ महिन्यांच्या बाळाला “पळ!” म्हणून काय उपयोग? दोन वर्षांचे मूल घाबरले की दाराकडे धावत नाही. ते पलंगाखाली शिरते, पडद्यामागे लपते, नाहीतर बाईंच्या पायांना मिठी मारते. म्हणून पाळणाघरातली सुरक्षितता भिंतीवरच्या लाल नळकांड्यांत मोजायची नसते, ती हातांत मोजायची असते. एक धडधाकट बाई दोन कडांवर दोन तान्ही मुले घेऊन जिना उतरू शकेल. तिसरे तिला उचलता येणार नाही. पाळणाघरात बारा मुले आहेत, त्यांतली पाच अजून रांगतात, आणि दुपारी दोन वाजता घरात एकच बाई आहे, कारण मदतनीस मुलगी जेवायला गेली आहे. करा हिशेब. पाच उणे दोन. उरलेली तीन कोणाची? त्यांतले एक आपले नाही कशावरून?

हा हिशेब कोणाला क्रूर वाटेल. पण तो मी घातलेला नाही, आग घालते. आणि ती वेळही देत नाही. माणसे बहुधा ज्वाळांनी मरण्याआधी धुराने मरतात. हल्लीच्या घरांतल्या गाद्या फोमच्या, खेळणी प्लास्टिकची, भिंतीवरची सजावट थर्माकोलची. यांतून निघणारा काळा विषारी धूर झोपलेल्या मुलाला जागे करीत नाही, उलट अधिक गाढ झोपवतो. तो वर चढतो, छताशी साचतो आणि मग खाली उतरतो. म्हणून धुरातून जाताना वाकून, रांगत जावे, असे अग्निशमन दलाची माणसे सांगतात. फोमच्या गादीला चांगली आग लागली की खोली काही मिनिटांत पेटते. तेवढ्या वेळात किल्ली शोधायची, की मूल उचलायचे?

ही कल्पनेतली भुते नव्हेत. तमिळनाडूत कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी शाळेच्या स्वयंपाकघरात दुपारचे जेवण शिजत होते. वर झावळ्यांचे छप्पर होते, ते पेटले. खाली यायचा जिना अरुंद. ९४ मुले गेली. मेक्सिको देशात एर्मोसियो नावाच्या शहरी ५ जून २००९ रोजी एका पाळणाघरात ४९ मुले गेली. ते पाळणाघर म्हणजे एक गोदाम होते, मुलांसाठी फेरफार केलेले. आग त्यांची नव्हतीच. ती शेजारच्या गोदामात लागली आणि छतावाटे इकडे आली. संकटकाळचे दार बंद होते. शेवटी एका माणसाने आपली पिकअप गाडी भिंतीवर घालून भगदाडे पाडली आणि तेथून मुले बाहेर काढली. आणि हे पाळणाघर थोड्याच दिवसांपूर्वी सरकारी तपासणीत उत्तीर्ण झालेले होते, हे विसरू नका. कागद उत्तीर्ण झाला होता, दार नव्हते.

जवळचे पाहायचे तर सुरत आहे. २४ मे २०१९ रोजी तेथे एका व्यापारी इमारतीच्या वरच्या मजल्यावरील वर्गात २२ विद्यार्थी मेले. ही हातीपायी धड, पळू शकणारी, वेळ आली तर उडी मारू शकणारी मुले होती, आणि काहींनी उड्या मारल्याही. वाट नसली की पायांचाही उपयोग नसतो. मग ज्यांना पायच फुटायचे आहेत त्यांना चौथ्या मजल्यावर कोणत्या हिंमतीने ठेवायचे? म्हणून माझे पहिले म्हणणे असे की, पाळणाघर तळमजल्यावर असावे. तसे मिळत असताना केवळ हवा छान येते म्हणून वरचे घेऊ नये.

एवढे बोलले की ठराविक आक्षेप ठराविक क्रमाने येतात. पहिला आक्षेप पुरुषमंडळींकडून, आणि खेदाने सांगते, माझ्या वयाच्या बायकांकडूनही येतो. “म्हणूनच म्हणतो, आईने घरी राहावं. पाळणाघराची भानगडच नको.” हे ऐकले की माझे माथे भडकते. ९ जानेवारी २०२१ च्या रात्री भंडारा येथील जिल्हा रुग्णालयातल्या नवजात बालकांच्या कक्षात आग लागली आणि दहा तान्ही बाळे गेली. त्यांच्या आया काय नोकरीवर गेल्या होत्या? जी परिचारिका तुमच्या आजारपणात रात्रभर उशाशी बसते, जी शिक्षिका तुमच्या मुलाला बाराखडी शिकवते, जी कंडक्टर तुम्हाला तिकीट देते, तिचेही मूल कोठेतरी ठेवलेले असते. त्या मुलाची काळजी म्हणजे तिला घरी बसवण्याचे निमित्त नव्हे. शिवाय आपली घरे काय मोठी अग्निरोधक आहेत? तीच जाळी, तेच कुलूप, तोच गॅस. आगीला आई घरी आहे की कचेरीत, हे विचारायची रीत नाही.

दुसरा आक्षेप: “हे सरकारचं काम आहे.” आहेच. ते सरकारने करावे म्हणून ओरडायलाही मी तयार आहे. कायदाही आहे. महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ सालचा. तो ज्या इमारतींना लागू आहे, तेथील अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा परवानाधारक संस्थेचा दाखला दर वर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यावा लागतो. आता मला सांगा, आपल्या सोसायटीचा जुलैचा दाखला आपण पाहिला आहे का? सोसायटीच्या सभेत गाड्या लावण्याच्या जागेवरून दोन-दोन तास भांडणारे आपण, या कागदाविषयी सेक्रेटरीला एक अक्षर विचारत नाही. जिन्यात चपलांची कपाटे, जुन्या सायकली, कोणाची तरी मोडकी खुर्ची. आणि आता जिन्याखाली विजेवरच्या दुचाक्या भारित करायला लावलेल्या. वरच्या पाळणाघरातली मुले खाली याच जिन्याने येणार ना? ते कपाट सरकारने नाही ठेवलेले.

तिसरा आक्षेप सगळ्यांत जुना: “नशिबात असेल ते होईल.” कुंभकोणमला नशिबाने काय केले? चूल माणसांनी मांडली, छप्पर माणसांनी शाकारले, जिना माणसांनी अरुंद बांधला. एवढ्या घरांवर दुःख कोसळल्यावर त्याला नशीब म्हणणे म्हणजे ज्यांनी हे केले त्यांना मोकळे सोडणे.

चौथा आक्षेप मात्र खरा आहे, आणि तो पाळणाघर चालवणाऱ्या बाईंचा आहे. त्या म्हणतात, “एवढं सगळं करायचं तर पैसे कोठून आणू?” यांच्यावर माझा राग नाही. दहा-दहा तास दुसऱ्यांची मुले सांभाळणाऱ्या या बायकांचे उपकार फिटायचे नाहीत. राग आहे तो आपल्यावर, आईबापांवर आणि आजीआजोबांवर. ए. सी. साठी जास्तीचे पैसे आपण मुकाट्याने मोजतो, कॅमेऱ्यासाठी मोजतो. पण दुपारच्या वेळी दुसरी बाई हवी, तिच्या पगारासाठी दरमहा थोडे अधिक द्या म्हटले, की आपण दुसरे स्वस्त पाळणाघर शोधतो. कॅमेरा आपल्याला आग दाखवील. मूल उचलणार नाही. उचलायला हात लागतात, आणि हातांना पगार लागतो. वाढदिवसाला पाळणाघरात केक पाठवण्याची हल्ली पद्धत आहे. त्याऐवजी एखाद्या वर्षी झोपायच्या खोलीत लावायला धूर ओळखून शिट्टी घालणारे लहानसे यंत्र पाठवले, तर ते मूल पुढचे वाढदिवस अधिक निर्धास्तपणे साजरे करील.

बाकीचे तर जवळजवळ फुकटच आहे. मुले आतल्या खोलीत झोपतात, बाहेरचे दार पुढे, आणि मध्ये स्वयंपाकघर, अशी रचना मी दोन ठिकाणी पाहिली. तेथे आग लागली तर ती वाटेतच लागणार. पाळणे पुढच्या खोलीत आणायला काय खर्च? स्वयंपाक झाला की गॅसचा रेग्युलेटर बंद करायला काय खर्च? गॅसच्या नळीवर तिची मुदत छापलेली असते, ती वाचायला? झोपायच्या खोलीचे दार लोटून ठेवायला? बंद दार धुराला काही मिनिटे अडवते, आणि त्या काही मिनिटांतच सगळे असते. एका बोर्डावर दुसरा बोर्ड आणि त्यावर तिसरा लावून इस्त्री, पंखा, टीव्ही आणि दूध तापवायची शेगडी चालवली जाते, ते थांबवायला? ते लाल नळकांडे एका ठिकाणी कपाटामागे होते. दुसऱ्या ठिकाणी त्याच्यावर मुलांनी रंगवलेला मोर चिकटवलेला होता. मोर सुरेख होता, पण त्याच्या पिसाऱ्याखाली दाबमापकाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे की नाही, हे दिसायला मार्ग नव्हता. आणि ते वापरायचे कसे, असे विचारल्यावर बाईंनी मदतनीस मुलीकडे पाहिले, मुलीने बाईंकडे.

जपानात बालसंगोपनगृहांना महिन्यातून निदान एकदा बाहेर पडण्याची तालीम करावीच लागते; तसा नियमच आहे. न चालणाऱ्या मुलांसाठी तेथे चाकांची, उंच कठड्याची गाडी असते. चार-सहा बाळे तीत उभी करायची आणि ढकलत न्यायचे. भूकंपाच्या त्या देशात कोणी याला अभद्र म्हणत नाही. मुलांना तर तो खेळच वाटत असेल. आपल्याकडे गाडी नसली तरी दोरी आहे. चालणाऱ्या मुलांनी गाठीगाठीला धरून एका ओळीत खाली उतरायचे, झाडाखाली जमायचे आणि हजेरी घ्यायची. दिंडी काढणाऱ्या या महाराष्ट्रात मुलांना ओळीत चालायला शिकवणे कठीण आहे, असे मला कोणी सांगू नये.

आणखी एक सांगते आणि थांबते. सातव्या पाळणाघरात बाईंनी माझा प्रश्न ऐकला आणि हसण्यावारी नेला नाही. त्या म्हणाल्या, “आजी, कोणी विचारलंच नव्हतं आजवर. या, बघू.” आणि आम्ही दोघी पाळण्यापासून फाटकापर्यंत चालत गेलो. वाटेत एक कडी, एक उंबरा आणि चार पायऱ्या. त्यांनी कडी सैल करून घेतली, १०१ हा क्रमांक मोठ्या अक्षरांत दाराशी लावला आणि दुपारच्या वेळेला शेजारणीशी बोलून ठेवले की, हाक आली तर धावत यायचे. तेथे ए. सी. नाही, इंग्रजीही बेताचेच आहे. नातू तेथे जातो.

म्हणून मी नाऱ्याची बाजू घेते. तो अशुभ चिंतीत नव्हता, आग दिसली ती सांगत होता. दिवाळीनंतर पाळणाघरे उघडतील, त्या दिवशी मुलाला सोडायला अर्धा तास लवकर जा. त्याच्या पाळण्यापाशी उभ्या राहा आणि घड्याळ पाहून रस्त्यापर्यंत चाला. वाटेत कुलपे किती, वळणे किती, दुपारी दोन वाजता घरात मोठी माणसे किती आणि रांगती मुले किती, ते मोजा. हिशेब जुळला नाही तर भांडू नका आणि मूल काढून पळही काढू नका. कारण बाकीची मुले तेथेच राहणार आहेत. दुसऱ्या आईबापांना गाठा, जास्तीच्या बाईच्या पगाराची वर्गणी ठरवा, आणि पाळणाघराच्या बाईंना सांगा, “पुढच्या शनिवारी एकदा तालीम करू. दोन मुलं उचलायला मी येते.”